फाटकावरचं नाव

८ जानेवारी

दंतवैद्य,

फोन उचलला होता, पण पुन्हा ठेवून दिला. ही बातमी बोलून सांगायला गेले असते तर मी रडले असते आणि तू उगाच घाबरला असतास.

तुमच्या बंदरात नवा विमानतळ झालाय ना, त्याला बाबांचं नाव द्यायचं ठरलंय. मंत्रालयाचं पत्र सोमवारी ऑफिसात आलं. मुलगी म्हणून माझी संमती हवी होती. पत्र आणणारा शिपाई जिना उतरायच्या आत मी सही करून त्याला परत बोलावलं. खालच्या मजल्यावरच्या स्टेशनरीवाल्यानं विचारलं, वकीलबाई, आज एवढ्या खुशीत? खटला जिंकलात वाटतं. म्हटलं, हो, फार जुना होता.

तू आमच्या घरी राहून शिकलास, तुला काय सांगायचं. हवाई दलाचे प्रमुख म्हणून बाबांनी ते युद्ध संपवलं. तुमचं बंदर शत्रूच्या ताब्यात होतं, त्याची सगळी रसद तिथे उतरत होती. ते बंदर बंद पाडलं म्हणून युद्ध थांबलं. ज्या मंत्र्यांनी तसा हुकूम दिला ते नंतर 'आम्हाला एवढं अपेक्षित नव्हतं' म्हणत हात झटकून मोकळे झाले. विजयाच्या संचलनाला पायदळाचे आणि नौदलाचे प्रमुख मंचावर होते, आणि बाबा स्वयंपाकघरात वाकून गळका नळ दुरुस्त करत होते. त्यानंतर 'वादग्रस्त' हा शब्द त्यांच्या नावाला असा चिकटला की जणू तो त्यांचा हुद्दाच. त्यांना खाटीक म्हणणाऱ्या प्राध्यापकाला मी कोर्टात खेचलं होतं, आठवतं? बाबा म्हणाले होते, कशाला एवढं करतेस. मी तरी केलं.

आत्याला सांग. तिचं आणि बाबांचं कशावरून फाटलं ते त्यांनी मला कधीच सांगितलं नाही. आजीच्या आजारपणात कुणी किती केलं, असलंच काहीतरी असणार. आता भाऊ राहिला नाही, राग कुणावर धरायचा? तुझे वडील शत्रूच्या अमलात गेले. त्या शत्रूला हाकलणाऱ्याची किंमत तिला कळणार नाही तर कुणाला? पहिल्या रांगेत माझ्या शेजारी बसव तिला. समारंभ मार्चमध्ये आहे. मी तुझ्याकडेच उतरेन.

तुझी,
वकीलीण

१९ जानेवारी

ताई,

तुझं पत्र दवाखान्यात वाचलं, दोन पेशंटांच्या मध्ये. खुर्चीच्या समोरच्या खिडकीतून गोदी दिसते, ती बघत थोडा वेळ बसलो. मग बाहेर खोकल्याचा आवाज झाला म्हणून पुढच्याला आत घेतलं.

बातमी इथे आधीच पोचली होती. माझ्याकडे माणसं तोंड उघडून बसतात त्यामुळे त्यांना बोलता येत नाही, हा या धंद्यातला सगळ्यात मोठा फायदा. गेले पंधरा दिवस मात्र सगळे आधी बोलून घेतात आणि मग तोंड उघडतात. डाक-कचेरीतल्या बाईंनी विचारलं, डॉक्टर, तुमच्या मामांचं नाव म्हणे? मी म्हटलं, आ करा. समोरच्या टायरवाल्यानं दुकानाच्या भिंतीवर 'हे नाव नको' असा मोठा कागद लावलाय आणि लोक येता-जाता त्यावर सह्या करतात. तो माझा जुना पेशंट आहे. सही करायला मला मात्र बोलावत नाही, उलट मी दिसलो की कागदासमोरून बाजूला होतो.

तू ये. तुझी खोली तयारच असते. पण समारंभ होऊन जाऊ दे, एप्रिलमध्ये ये. तेव्हा हवाही चांगली असते. आणि सही केली असलीस तरी ती परत घेता येते का, ते जरा बघ. कायद्यातलं तुला जास्त कळतं.

आईला मी सांगितलेलं नाही. पण ती रोज भिंग घेऊन पेपर वाचते, तेव्हा तिला कळलंच असणार. तिला हे आवडणार नाही, एवढंच लिहितो.

तुझा,
दंतवैद्य

२७ जानेवारी

प्रिय आतेभाऊ,

हवा चांगली असते म्हणून एप्रिलमध्ये ये? मी काय बंदराला हवा खायला येतेय?

तुझं पत्र मी साक्षीदाराची जबानी वाचावी तसं वाचलं. प्रत्येक वाक्य खरं, आणि सगळं मिळून काहीतरी लपवलेलं. आत्याला आवडणार नाही. का? सही परत घे. का? टायरवाल्याला वाईट वाटेल म्हणून?

तू दातांचं शिकायला आलास तेव्हा बाबा स्वतः स्टेशनवर आले होते तुझी ट्रंक उचलायला. हमालाला हात लावू दिला नव्हता त्यांनी. पेपरांनी काय नाही लिहिलं त्यांच्याबद्दल, पण तू त्या घरात राहिलास, त्या टेबलावर जेवलास, तू त्यांना ओळखतोस. बाहेरच्यांनी तोंड फिरवलं त्याचं मला काही वाटत नाही, सवय आहे. तू फिरवू नकोस. आणि फिरवायचंच असेल तर कारण सांगून फिरव. आडवळणं मला कोर्टात पुरे होतात.

मी समारंभाला येणार आहे. अगदी नटूनथटून येणार आहे.

तुझी ताई

५ फेब्रुवारी

ताई,

मला वाटत होतं, तुला माहीत आहे.

खरंच सांगतो. तुमच्या घरी जेवायला बसलो की मामा माझ्या ताटात स्वतः वाढायचे आणि तू मान खाली घालायचीस. मला वाटायचं, हिला सगळं ठाऊक आहे आणि किती समजूतदार आहे ही. तुझं पत्र वाचून आता लक्षात येतंय की तू मांडीवर पुस्तक ठेवून वाचत होतीस.

माझे वडील शत्रूच्या अमलात गेले हे खरं, पण शत्रूनं त्यांना मारलं नाही. ते गोदीत क्रेन चालवायचे. शत्रूनं बंदर घेतल्यावरही त्यांना तेच काम करावं लागलं, खाली बंदूकवाला उभा असायचा. आपली विमानं सकाळी आली. वडील वर केबिनमध्ये होते. आधी गोदी गेली, मग गोदीच्या मागच्या गल्ल्या. तिथेच आमचं घर होतं. मला घेऊन आई एका दोरखंडाच्या दुकानाच्या तळघरात उतरली होती म्हणून आम्ही दोघं राहिलो. तिला डाव्या कानानं ऐकू येत नाही ते तेव्हापासून. तू समजतेस तसा तो लहानपणच्या तापानं गेलेला नाही.

वडील सापडले नाहीत. पुढे जळक्या गल्ल्यांचा राडारोडा गाड्या भरभरून बंदराबाहेरच्या दलदलीत टाकला. मी शाळेत जाईपर्यंत ते काम चालू होतं. आई अधूनमधून त्या भरावाच्या कडेला जाऊन उभी राहायची, मला वाटायचं ती वारा खायला जाते. त्याच भरावावर आता धावपट्टी झाली आहे. विमानतळ तिथे आहे, ताई. म्हणून लोक सह्या करतात.

मामांबद्दल माझ्या मनात राग नाही. कधी धरता आला नाही, आणि त्याबद्दल आईसमोर मला चोरट्यासारखं वाटायचं. पण त्या फाटकावर त्यांचं नाव मला बघवणार नाही.

तुझा भाऊ

९ फेब्रुवारी

हे मला मान्य नाही.

तू तेव्हा पाळण्यात होतास. जे लिहिलंस ते ऐकीव आहे. बंदरावर हल्ला होण्याआधी आत्या आणि तुम्ही सगळे गावाबाहेर पडला होतात, असं बाबांनी मला स्वतः सांगितलं होतं. मी शाळेत होते, मुद्दाम विचारलं होतं. तुम्ही तिथे आहात हे त्यांना ठाऊक असतं तर त्यांनी तो हुकूम दिला नसता. एवढं मी माझ्या बापाला ओळखते.

मला आत्याच्या हातचं पत्र हवं. तू मध्ये लिहू नकोस.

२० फेब्रुवारी

पोरी,

माझा मुलगा म्हणाला, तू सांग, मी लिहितो. मी म्हटलं, पेन ठेव आणि दवाखान्यात जा. भिंग धरून लिहितेय, ओळी वरखाली गेल्या तर चालवून घे.

तुझ्या बापाला ठाऊक होतं.

युद्ध संपल्यावर पुढच्या हिवाळ्यात तो इथे आला. फेरीबोटीनं आला, साध्या कपड्यांत, कुणी ओळखलं नाही. हे गेल्यावर मला गोदीतल्या वजनकाट्यावर नोकरी मिळाली होती. बाहेर गाड्यांची रांग लागलेली, आणि हा दारात येऊन उभा राहिला. मी त्याला विचारलं, "आम्ही इथे आहोत हे तुला ठाऊक होतं?"

"होतं," म्हणाला.

"आणि हे क्रेनवर असतात ते?"

"तेही ठाऊक होतं."

मागचा गाडीवाला भोंगा वाजवत होता. मला वाटलं, आता हा रडेल, नाहीतर युद्ध असंच असतं वगैरे सांगेल. तो म्हणाला, "तुझी गल्ली वगळा असं मी म्हणालो असतो, तर दुसऱ्या कुणाच्या तरी बहिणीची गल्ली पुढे आली असती." मी म्हटलं, "खरं बोललास. आता जा." पाणीसुद्धा विचारलं नाही मी त्याला. तो गेला आणि मी पुढची गाडी काट्यावर घेतली. त्यानंतर ना तो आला, ना मी बोलावलं. तुला त्यानं खोटं सांगितलं असेल तर तू लहान होतीस म्हणून. मला नाही सांगितलं.

त्याच्यामागून मंत्री येऊन गेले. कुणी म्हणालं नकाशा चुकला, कुणी म्हणालं वारा होता. तोंडावर 'ठाऊक होतं' म्हणणारा तुझा बाप एकटाच. म्हणून मुलाला शिकायला पाठवायची वेळ आली तेव्हा मी त्याच्याच घरी पाठवला. माझ्या मुलाचा बाप त्यानं नेला, तेव्हा त्याला ताट वाढणं हे त्याचं कामच होतं. त्यानं ते नीट केलं, असं ऐकते.

इथली पोरं त्याला राक्षस म्हणतात. लहानपणी मी त्याच्याबरोबर एका पांघरुणात झोपलेय. अंधाराला भ्यायचा तो. राक्षस असता तर मला सोपं गेलं असतं.

पण त्या फाटकावर त्याचं नाव नको. त्या नावाखालून मी जाणार नाही. सही तू केलीस, ती तुझी तू बघ. म्हातारी म्हणते म्हणून मागे घेऊ नकोस. तुला पटलं तर घे.

आत्या

३ मार्च

दंतवैद्य,

आत्याचं पत्र मिळालं, असं तिला सांग. 

मी समारंभाला येतेय. मंचावर माझ्या नावाची खुर्ची आहे, तिच्यावर बसणार आहे आणि बोलणार आहे. माझ्या बापाबद्दल चार लोकांसमोर बोलायची संधी मला आयुष्यात पहिल्यांदा मिळतेय. ती मी सोडणार नाही, कुणाहीसाठी. यापेक्षा जास्त विचारू नकोस. वकील युक्तिवाद आधी दाखवत नाही.

ताई

७ मार्च

ताई,

बरं.

मग मीही सांगून टाकतो. त्या दिवशी मी दवाखाना बंद ठेवून फाटकाबाहेर उभा राहणार आहे, टायरवाल्याच्या शेजारी. भिंतीवरच्या कागदावर काल सही केली. आईसाठी दवाखान्यातली खुर्ची नेतोय, तिला फार वेळ उभं राहवत नाही. तू आतून बोल, आम्ही बाहेर ऐकू.

तुझ्या खोलीत धुतलेल्या चादरी घातल्या आहेत. भांडण असलं तरी मुक्काम आमच्याकडेच. आम्हाला परतायला उशीर झाला तर किल्ली दवाखान्याच्या खालच्या केशकर्तनालयात आहे.

तुझा भाऊ

१८ मार्च

प्रिय भाऊ,

तुमच्या चादरी तशाच राहिल्या. पोलिसांनी मला गाडीत घातलं ते थेट स्टेशनवर आणि गाडी सुटेपर्यंत फलाटावर दोघे जण माझ्या आजूबाजूला उभे होते. तू बाहेर होतास, ध्वनिक्षेपक बंद पडेपर्यंतच तुला ऐकू आलं असेल. पुढचं सांगते.

मंत्र्यांच्या सचिवानं मला आधीच टाइप केलेलं भाषण दिलं होतं. 'आयुष्यभर शांततेचं स्वप्न पाहिलेल्या माझ्या वडिलांना', अशी सुरुवात. बाबांना शांततेचं स्वप्न पडलेलं मला माहीत नाही. त्यांना मुळात झोपच येत नसे. तो कागद मी पर्समध्ये ठेवला आणि उभी राहिले.

मी काय म्हणाले ते तू ऐकलंस. माझ्या वडिलांना ठाऊक होतं की या गावात माणसं आहेत, त्यांची स्वतःची बहीण आहे, मेव्हणा क्रेनवर आहे. ठाऊक असून त्यांनी हुकूम पाळला, आणि ठाऊक होतं हे त्यांनी त्या बहिणीसमोर उभं राहून सांगितलं. इथपर्यंत आवाज होता. मग कुणीतरी वायर काढली. पण इतकी वर्षं पंखे खडखडणाऱ्या कोर्टांत बोललेय मी, मला वायर लागत नाही. मंत्र्यांकडे वळून म्हटलं, "हुकूम तुमच्या इमारतीतून आला. ज्यांनी तो दिला त्यांच्यापैकी एकानंही आजवर 'ठाऊक होतं' म्हटलेलं नाही. माझ्या बापाचं नाव लावायचंच असेल तर जिथे तो हुकूम निघाला त्या दारावर लावा. ज्यांच्यावर तो पडला त्यांच्या फाटकावर नको."

मंत्री आपल्या बुटांकडे बघत होते. मी संमती मागे घेतल्याचा कागद सचिवापुढे ठेवला आणि पोच मागितली. त्याच्याकडे पेन नव्हतं. मी माझं दिलं. पोच घेतल्याशिवाय हलले नाही.

मग मला न्यायला ठेवलेल्या गाडीत बसून निघाले, तर फाटकापाशी तुमची गर्दी दिसली आणि लोक टाळ्या वाजवायला लागले. तेव्हा मला दिसलं की रस्त्यात बाबांचं चित्र जळतंय. म्हणून गाडी थांबवून उतरले. तू तोंड कसनुसं करून उभा होतास, मी पाहिलं. पण तिथे उतरून मी जे म्हणाले ते मला बोलायचंच होतं, आणि आजही तेच म्हणेन. मी तुमच्या बाजूला आलेली नाही. तो माझा बाप आहे. त्याचं चित्र कुणी माझ्यासमोर जाळलं तर मी त्याला कोर्टात उभं करीन, मग त्याचा कुणी का गेलेला असेना. टाळ्या थांबल्या ते बरं झालं.

आत्या खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होती. मी तिच्यापाशी वाकले, पण तिच्या कुठल्या कानाशी बोलायचं तेच मला आठवेना. तेवढ्यात पोलिसांनी दंडाला धरलं.

इथे बाबांच्या वैमानिकांच्या संघटनेनं मला काढून टाकलं. शेजारीण जिन्यात भेटली की भिंतीकडे बघते. परवा एक म्हातारे वैमानिक काठी टेकत ऑफिसात आले. म्हणाले, तुम्ही साहेबांना दोषी ठरवलंत. मी म्हटलं, त्यांनी स्वतःच कबुली दिली होती, मी ती फक्त मोठ्यानं वाचली. त्यांनी काठी टेबलाला टेकवली आणि खुर्चीत बसले. मग म्हणाले, हल्ल्याच्या आदल्या संध्याकाळी मंत्रालयातून कोण कोण तळावर आलं होतं ते मला आठवतं, मी शपथेवर सांगेन.

तेव्हा मी दावा दाखल करतेय. त्या बैठकीत कोण होतं आणि कुणी मान हलवली, ते सरकारनं उघड करावं म्हणून. पेपरवाल्यांनी विचारलं, तुम्ही आता वडिलांच्या विरुद्ध का? मी सांगितलं, मी अजून त्यांचीच वकील आहे. अशिलानं कबुली दिली म्हणून वकील खटला सोडत नाही. बाकीचे आरोपी कुठे आहेत, ते विचारतो.

तुझी,
वकीलीण

२ एप्रिल

ताई,

तू गेल्यावर टायरवाला माझ्याकडे बघून म्हणाला, डॉक्टर, तुमची बहीण आपल्याकडची आहे की त्यांच्याकडची? मी म्हटलं, माझ्याकडची. पण तो तुझ्यावर खूप चिडलाय. त्याची आजी त्या गल्लीतली. चित्र जाळणार, पुन्हा जाळणार, बघू ती काय करते, म्हणतो. मी त्याला सांगितलं की ती खरंच करेल.

ध्वनिक्षेपकातून तुझा आवाज आला तेव्हा आईनं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि उजवा कान फाटकाकडे करून बसली. 'त्यांची स्वतःची बहीण आहे' म्हणालीस तेव्हा लोकांनी वळून तिच्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत गावातल्या निम्म्या लोकांना ती कुणाची बहीण ते माहीत नव्हतं. तिनं मान ताठ ठेवली. घरी येताना म्हणाली, बापावर गेलीय. तिच्या तोंडून ही शिवी असते की शाबासकी, ते मी विचारलं नाही. चहा पिताना पुन्हा एकदा म्हणाली.

तुला माझं तोंड कसनुसं दिसलं, कारण मला तुझ्या बाजूनं यायचं होतं आणि टायरवाल्याच्याही बाजूनं उभं राहायचं होतं. अजून तसंच आहे. मला वाटतं, माझं असंच राहणार.

विमानतळ सुरू झाला. नावाची टोलेजंग अक्षरं आधीच फाटकावर बसवलेली होती. ती काढायची तर मंत्र्यांची सही लागते, ठेवायची तर तुझी. म्हणून त्यावर निळी ताडपत्री बांधून ठेवली आहे. जोराचा वारा आला की ती फुगते आणि फटफट वाजते. आता गावात सगळे विमानतळाला ताडपत्रीच म्हणतात. रिक्षावाल्याला ताडपत्री म्हटलं की तो बरोबर नेतो. दाढ काढायला आलेल्या एका बाईंनी परवा सांगितलं, जरा लवकर आटपा डॉक्टर, मुलगा चारच्या विमानानं ताडपत्रीवर उतरतोय.

काल संध्याकाळी मी आईला रिक्षातून तिकडे नेलं. ती फाटकाखालून आत गेली, कुंपणापाशी उभी राहून धावपट्टीकडे बघितलं आणि परत आली.  घरी आल्यावर चपला काढता काढता मला म्हणाली, तिला लिही. तू कधी उतरतेस ताडपत्रीवर, विचारतेय.

तुझा,
दंतवैद्य